आल्फ्रेदोला माफी कशासाठी?

'सिनेमा पारादिसो'मधला आल्फ्रेदो हा आदर्श गुरू आहे, हे वाक्य मी यापुढे मुकाट्याने ऐकून घेणार नाही. फिल्म सोसायटीच्या माहितीपत्रकात ते असतं, शिक्षकदिनाच्या लेखात असतं, चित्रपट रसग्रहणाच्या वर्गातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांच्या तोंडी असतं. ज्या माणसाने विशीतल्या एका मुलाशी त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी खोटं बोलून त्याचं प्रेम तोडलं, त्याच्या आईपासून त्याला तीस वर्षं लांब ठेवलं आणि मरेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढलं नाही, त्याला आपण गुरू म्हणतो. त्याच्या मरणावर रुमाल भिजवतो. मला या रडण्याची चीड आहे, आणि ती का आहे ते मी सांगणार आहे.

ज्युसेप्पे तोर्नातोरेचा हा सिनेमा 1988 चा. दिग्दर्शक स्वतः सिसिलीतल्या बागेरियाचा. गोष्ट जांकाल्दो नावाच्या काल्पनिक गावात घडते. त्या गावाचा चौक म्हणजे पालेर्मो प्रांतातल्या पालात्सो आद्रियानोचा चौक. दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ. तोतोचा बाप रशियाच्या आघाडीवरून परतलेला नाही. आई मारिया दोन लेकरांना घेऊन दिवस काढते आहे. चर्चच्या ताब्यातल्या थेटरात आल्फ्रेदो ऑपरेटर आहे, आणि तोतोला त्या केबिनचं वेड लागलं आहे. फिलिप न्वारेने आल्फ्रेदो केला, साल्वातोरे काशो या पोराने छोटा तोतो केला, एनियो मोरिकोनेने संगीत दिलं. यातल्या कुणाच्याही कामाला मी बोट लावणार नाही. मोरिकोनेचे सूर सुरू झाले की माझाही गळा दाटतो. म्हणूनच तर जास्त सावध राहायला हवं. संगीताने डोळे भरून आले की पडद्यावर नेमकं काय घडतं आहे ते दिसेनासं होतं.

पहिला तासभर हा सिनेमा फार खरा आहे. तोतो आणि आल्फ्रेदो यांची मैत्री सौद्यातून सुरू होते. आल्फ्रेदो अर्धशिक्षित. प्राथमिक शाळेची परीक्षा द्यायला तो पोरांच्या बाकावर येऊन बसतो, गणित सुटत नाही, घाम फुटतो. पलीकडे तोतो बसलेला. तो खुणेनेच अट घालतो, केबिनमध्ये येऊ देणार असशील तर उत्तर देतो. आल्फ्रेदो हात टेकतो. मला हा प्रसंग सिनेमातला सर्वांत सुंदर प्रसंग वाटतो, कारण इथे दोघं बरोबरीचे आहेत. पोराकडे अक्षर आहे, म्हाताऱ्याकडे यंत्र आहे. दोघांनी देवाणघेवाण केली. पोराला मत आहे, हट्ट आहे, भाव ठरवण्याची अक्कल आहे. पुढे याच पोराचं मत कुणी विचारणार नाही.

आल्फ्रेदोचा कडवटपणाही खरा आहे, आणि त्याबद्दल मला आदर आहे. तो दहाव्या वर्षापासून हे काम करतो. तेव्हा यंत्र हाताने फिरवावं लागायचं. नाताळ नाही, ईस्टर नाही. गुड फ्रायडेला तेवढी सुट्टी, तीही येशूला सुळावर दिलं म्हणून. एकच सिनेमा शंभर वेळा बघायचा, बोलायला कुणी नाही, उन्हाळ्यात केबिन तापते आणि हिवाळ्यात गारठते. आपल्याकडच्या जुन्या थेटरांतल्या आणि जत्रेतल्या तंबूंतल्या ऑपरेटरांना विचारा, ते हेच सांगतील. या कामाने आल्फ्रेदोला काय दिलं? आंधळेपण दिलं. एका रात्री बाहेर ताटकळलेल्या गर्दीसाठी तो चौकातल्या घराच्या भिंतीवर सिनेमा दाखवतो, रीळ अडकतं, पेट घेतं, आणि केबिनचा जाळ होतो. तेव्हाची फिल्म नायट्रेटची. ती एकदा पेटली की पाणी ओतूनही विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो. पुण्यात 2003 च्या जानेवारीत फिल्म संग्रहालयाच्या नायट्रेटच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या मूळ प्रतींसह कितीतरी रिळं राख झाली. जाणत्या माणसांच्या देखरेखीखालचा साठा होता तो. आणि जांकाल्दोत काय होतं? थेटर नव्याने उभं राहतं, उद्घाटन होतं, आणि त्याच ज्वालाग्राही रिळांपुढे एक शाळकरी पोर उभं केलं जातं, कारण गावात यंत्र चालवायला दुसरं कुणी येत नाही. पुढे न पेटणारी फिल्म येते तेव्हा आंधळा आल्फ्रेदो म्हणतो की प्रगती नेहमी उशिराच येते. प्रेक्षक त्या वाक्यावर हळवे होतात. त्या केबिनमध्ये इतकी वर्षं एका विधवेचं लेकरू उभं होतं, ही गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. गोडव्याने झाकलेली ही पहिली गोष्ट. दुसरी याहून वाईट आहे.

तोतो मोठा होतो. एलेना नावाच्या मुलीवर त्याचं प्रेम जडतं. ती बँकेतल्या अधिकाऱ्याची मुलगी, हा ऑपरेटर. तिच्या घरी हे चालणार नाही हे उघड आहे. तो रात्रीमागून रात्री तिच्या खिडकीखाली उभा राहतो, आणि ती येते. पुढे त्याला सैन्यात जावं लागतं. परततो तेव्हा एलेनाचा पत्ता नाही, पत्रांना उत्तर नाही. आल्फ्रेदो त्याला सांगतो, गाव सोड. परत येऊ नकोस, पत्र लिहू नकोस, आमची आठवण काढू नकोस. राहवलं नाही म्हणून आलास तर माझ्या दारात उभा करणार नाही. तोतो रोमला जातो, मोठा दिग्दर्शक होतो आणि तीस वर्षं गावात पाऊल टाकत नाही. आल्फ्रेदो गेल्याचा निरोप आल्यावर परततो. जगाने पाहिलेली आणि डोक्यावर घेतलेली गोष्ट एवढीच आहे.

पण गोष्ट एवढीच नाही. इटलीत पहिल्यांदा लागला तेव्हा हा सिनेमा अडीच तासांहून मोठा होता आणि तो चालला नाही. मग तो कापून दोन तासांच्या आसपास आणला गेला. या कापलेल्या प्रतीला 1989 मध्ये कान महोत्सवात परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं, पाठोपाठ सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. 2002 मध्ये 173 मिनिटांची लांब आवृत्ती पुन्हा लोकांसमोर आली. तिच्यात मोठेपणीची एलेना आहे. ब्रिजित फोसेने ती केली आहे. छोट्या आवृत्तीत ही नटी कुठेच दिसत नाही. तीस वर्षांनी एलेना साल्वातोरेला, म्हणजे मोठ्या झालेल्या तोतोला, भेटते तेव्हा कळतं की भेटायचं ठरलं होतं त्या दिवशी ती आली होती. तो तिला शोधायला बाहेर पडलेला असताना ती केबिनपर्यंत पोचली होती. केबिनमध्ये आल्फ्रेदो होता. त्याने तिला समजावलं, की त्याला सोडून दे, यातच त्याचं भलं आहे. आणि तोतो धापा टाकत परत आला तेव्हा त्याला सांगितलं, कुणी आलं नाही. जाता जाता एलेनाने तिथल्या कागदांच्या चळतीत एक चिठ्ठी सोडली होती, कुठे भेटेन ते लिहून. पाडायला काढलेल्या थेटराच्या धुळीत, तीस वर्षांनी, साल्वातोरेला ती चिठ्ठी सापडते.

आता मला सांगा, हे काय आहे? दोन सज्ञान माणसांनी एकमेकांना भेटायचं ठरवलं होतं. तिसऱ्याने दोघांपैकी एकीला परतवलं आणि दुसऱ्याला खोटं सांगितलं. गावातल्या कुठल्याही खाष्ट चुलत्याने हेच केलं असतं तर आपण त्याला खलनायक म्हटलं असतं. आल्फ्रेदोचे डोळे गेलेले आहेत, आवाज मायाळू आहे, मागे मोरिकोने वाजतो आहे, म्हणून तो गुरू ठरतो.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं. लांब आवृत्ती सिनेमा म्हणून कमी प्रतीची आहे, छोटी जास्त बांधीव आहे. मान्य. छोटी आवृत्ती बांधीव आहे, तिची लय चांगली आहे, शेवट जास्त भिडतो. पण ती बांधीव झाली कशाने? अपराध कापून टाकल्याने. ज्याच्यावर रडायचं त्याच्या हातून घडलेलं दुष्कृत्य कात्रीखाली गेलं, म्हणून रडणं सोपं झालं. आणि ज्या मुलीवर अन्याय झाला तिचं मोठेपण, तिचा चेहरा, तिची बाजू सगळं त्याच कात्रीखाली गेलं. जगभर पोचलेल्या प्रतीत एलेना म्हणजे एक सुंदर पोर, जी एके दिवशी आलीच नाही. म्हणजे दोष तिच्याच पदरात.

लांब आवृत्तीलाही मी सोडणार नाही. तिथे एलेना सारं सांगते खरं, पण लेखक तिच्याच तोंडून आल्फ्रेदोला निर्दोष ठरवतो. तुला खरं ओळखणारा तो एकटाच होता, माझ्याबरोबर राहिला असतास तर तुझे सिनेमे झाले नसते, अशा अर्थाचं ती बोलते. जिचं आयुष्य दुसऱ्याने वळवलं तिच्याकडूनच वळवणाऱ्याला प्रशस्तिपत्र. हा कावा आपल्या ओळखीचा आहे. सुनेकडून सासूची थोरवी वदवून घेणाऱ्या मालिका आपण अजून बघतो आहोत.

आणि ते सिनेमे कुठे आहेत? ज्यांच्यासाठी प्रेम गेलं, आई गेली, गाव गेलं, ते साल्वातोरेचे सिनेमे या तीन तासांत एकदाही दिसत नाहीत. तो नामवंत आहे असं आपल्याला सांगितलं जातं आणि आपण ऐकून घेतो. एक रिकामं श्रीमंत घर दिसतं, बिछान्यात एक बाई दिसते जिला त्याच्या भूतकाळाचं काही माहीत नाही. एवढी मोठी किंमत वसूल झाल्यावर निदान माल तरी दाखवायला हवा होता. तोर्नातोरेने तो दाखवला नाही, आणि आपण तो मागितला नाही.

आईकडे येतो. माझ्या मते या सिनेमाचा खरा ठेका तिच्यावर आहे आणि आपण तो चुकवतो. तरुणपणी अंतोनेल्ला अत्तिली, म्हातारपणी पुपेल्ला माज्जो. दुधाचे पैसे सिनेमाला उडवले म्हणून ती तोतोला रस्त्यात मारते. त्या मारामागे नवरा परत येण्याची वाट आहे, रिकामा डबा आहे. सिनेमा सुरू होतो तोच ती रोमला फोन लावते आहे तिथून. तीस वर्षांत मुलगा आलेला नाही, तरी ती म्हणते त्याला कळायला हवं, तो येईल. आणि तो येतो तेव्हा ती विणत बसलेली असते. दारावर घंटा वाजते, ती उठून धावते, आणि सुईत अडकलेला दोरा तिच्यामागे उसवत जातो. कॅमेरा आईच्या मागे जात नाही. तो सरसर उसवणारं विणकाम दाखवतो आणि दोरा थांबतो तेव्हा खाली अंगणात आई-मुलाची भेट झालेली असते. तीस वर्षांचा हिशोब या एका दृश्यात आहे. हे वाट बघणं कुणी लादलं तिच्यावर? आल्फ्रेदोने. त्याच्या बायकोच्या बोलण्यातून पुढे कळतं की म्हाताऱ्याला भेटायला मुलाला बोलवू का, असं आईने एकदा सुचवलं तर तो संतापला होता. स्वतःच्या लेकराला हाक मारायची की नाही, हे आईने शेजारच्या ऑपरेटरला विचारायचं आणि त्याने नाही म्हणायचं. ती साल्वातोरेला सांगते की मी फोन करते तेव्हा दरवेळी वेगळीच बाई फोन उचलते, आणि तुझ्यावर खरं प्रेम असलेला आवाज मला अजून ऐकू आलेला नाही. आल्फ्रेदोच्या शहाणपणाचं फळ काय, ते या म्हातारीला नेमकं कळलं आहे. सगळ्या सिनेमात खरं बोलणारी ती एकटी.

मग ते शेवटचं प्रसिद्ध रीळ. गावचा पाद्री आदेल्फियो प्रत्येक सिनेमा आधी एकटा बघायचा, चुंबन आलं की घंटा वाजवायचा, आल्फ्रेदो रिळात कागदाचा कपटा घालून खूण करायचा आणि तेवढा तुकडा कापायचा. छोट्या तोतोला ते तुकडे हवे असतात. आल्फ्रेदो म्हणतो, तुझेच आहेत, पण मी सांभाळतो. मेल्यावर तो डबा साल्वातोरेच्या हाती येतो. रोममधल्या छोट्या थेटरात तो एकटा बसून बघतो. चुंबनांमागून चुंबनं. जगातल्या सर्वांत लाडक्या शेवटांपैकी एक. माझ्या आजूबाजूला किती वेळा माणसं या रिळावर हमसून रडलेली मी पाहिली आहेत.

त्या रिळात मला आल्फ्रेदोची कात्री दिसते. पाद्र्याने घंटा वाजवली, पण कापलं आल्फ्रेदोने. कुरकुर केली असेल, पण नाही म्हणाला नाही. गावातल्या एका पिढीला पडद्यावरचं चुंबन दिसलं नाही ते त्याच्या हातांमुळे. वर पोराच्या मालकीची वस्तू त्याच्याच भल्यासाठी कुलुपात ठेवायची, हा स्वभाव तेव्हापासूनचा. एलेनाच्या बाबतीत त्याने वेगळं काही केलं नाही. एकदा पाद्र्याच्या सांगण्यावरून कापलं, एकदा स्वतःच्या मनाने. परत काय दिलं? इतरांची चुंबनं. पन्नाशीला आलेल्या माणसाला, ज्याचं स्वतःचं चुंबन यानेच कापलं होतं. याला भरपाई म्हणणारे म्हणोत, मी म्हणणार नाही.

हे इतक्या पोटतिडकीने लिहितो आहे, कारण सिसिलीतला हा म्हातारा आपल्या घराघरांत आहे. 'तुझ्या भल्यासाठी' हे शब्द ज्याने ऐकले नाहीत असा मराठी माणूस मला दाखवा. मुलीला आलेली पत्रं परस्पर चुलीत घालणारे मामा आपल्याकडे झाले. आधी परीक्षा मग बाकी सगळं, म्हणून पोराच्या मैत्रिणीला दारातून परतवणारे आईबाप आजही आहेत. शिष्य आपल्या शब्दाबाहेर जाऊ नये म्हणून त्याला आलेलं आमंत्रण दडवणारे बुवा गाण्यात झाले, सर नाटकात झाले. यातले बहुतेक प्रेमळच होते. कुणी पैसे खाल्ले नाहीत, कुणी हात उगारला नाही. त्यांनी फक्त माहिती दडवली, आणि समोरच्याच्या आयुष्याचा निर्णय त्याच्या नकळत घेऊन टाकला. एकलव्याचा अंगठा मागणाऱ्या द्रोणाने निदान तोंडावर मागितला होता, नाही म्हणायची जागा ठेवली होती. आल्फ्रेदोने तेवढीही ठेवली नाही. आणि आपण 'सिनेमा पारादिसो'वर रडतो तेव्हा या सगळ्या मंडळींना एकदम माफ करून टाकतो. त्यांना वाटतं, बघा, शेवटी मुलाने डबा उघडला आणि आभारच मानले.

आल्फ्रेदोने तोतोला गाव सोडायला सांगितलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ते त्याने सांगायलाच हवं होतं. जांकाल्दोत राहिला असता तर पोर केबिनमध्ये वाळून गेलं असतं, आणि पुढे त्या थेटराच्या जागी गाड्या लावायची जागाच होणार होती. पण एलेना आली होती, तिचं म्हणणं असं आहे, माझं मत असं आहे, आता तू ठरव, हे म्हणायला आल्फ्रेदोला काय अडचण होती? तोतो कदाचित थांबला असता. कदाचित तिला घेऊन रोमला गेला असता. कदाचित सिनेमेही केले असते. प्रेम केलेल्या माणसांना सिनेमे करता येत नाहीत असा नियम कुणी काढला? परीक्षेच्या बाकावर सौदा करणारं ते चलाख पोर स्वतःचं आयुष्य ठरवायला पुरेसं शहाणं होतं. आल्फ्रेदोला ते सर्वांत आधी कळलं होतं आणि सर्वांत आधी तोच विसरला.

मुलगा आणि वडीलधारा ऑपरेटर ही गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगता येते, हे पान नलिनने 2021 मध्ये 'छेल्लो शो' या गुजराती सिनेमात दाखवलं आहे. तिथला समय आईच्या हातचा डबा फझलला देतो आणि बदल्यात केबिनमधून सिनेमा बघतो. सुरुवात तीच, सौद्याची. पण फझल समयच्या आयुष्याचा मालक होत नाही. डिजिटल यंत्रं येतात आणि फझलचं काम जातं. प्रोजेक्टर वितळवून चमचे होतात, फिल्मच्या बांगड्या होतात, आणि पोर हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघतं. त्याच्यापासून काही लपवलेलं नाही. समय गाव सोडतो तो सगळं माहीत असताना सोडतो. भारताने हा सिनेमा ऑस्करसाठी पाठवला तेव्हा 'पारादिसो'ची नक्कल म्हणून त्याला हिणवणारे खूप निघाले. त्यांनी दोन्ही सिनेमे पुन्हा बघावेत. मला तरी फझल आल्फ्रेदोपेक्षा कितीतरी सभ्य वाटतो.

फिल्म सोसायट्या चालवणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. पुढच्या वेळी हा सिनेमा लावाल तेव्हा 173 मिनिटांची आवृत्ती लावा. जेवायची वेळ टळली तरी चालेल. दिवे लागल्यावर आल्फ्रेदोवर भाषण करायला पाहुणा बोलवू नका. समोर बसलेल्या विशीतल्या मुलामुलींना विचारा, त्या दिवशी केबिनमध्ये तुम्ही असता आणि दारात एलेना आली असती, तर तोतोला काय सांगितलं असतं. आणि त्यांची उत्तरं मध्ये न बोलता ऐकून घ्या.